झाकण बंद होण्याआधी: अणुउद्योगासाठी भाग बनवणाऱ्या कारखान्यातल्या नवख्यांसाठी

अणुऊर्जा केंद्रासाठी पाइप, व्हॉल्व्ह, पंप, हीट एक्स्चेंजर किंवा इंधनाच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, तर काम ओळखीचं वाटेल. तेच लेथ, तेच वेल्डिंगचे सेट, तीच क्रेन. वेगळं वाटेल ते कामाभोवतीचं वातावरण. प्रत्येक नळीच्या तोंडाला टोपी, प्रत्येक पायरीला सही, हत्यार आत नेताना नोंद आणि बाहेर आणताना पुन्हा नोंद. हे सगळं कशासाठी, हे कोणी नीट समजावून सांगितलं नाही तर माणूस नियम पाळतो खरा, पण वरवर. आणि वरवर पाळलेला नियम घाईच्या दिवशी सगळ्यात आधी सुटतो.

कारण साधं आहे. इतर यंत्र बिघडलं तर ते उघडतात, आत हात घालतात, दुरुस्त करतात. अणुभट्टीच्या मुख्य परिपथातला भाग एकदा चालू झाला की किरणोत्सारी होतो. त्याच्याजवळ माणूस फार थोडा वेळ जाऊ शकतो, काही ठिकाणी अजिबात जाऊ शकत नाही. असे भाग 40 ते 60 वर्षं चालतील या हिशेबाने बनवलेले असतात. म्हणजे तुम्ही झाकण बसवल्यावर आतली जागा पुन्हा कोणी डोळ्यांनी पाहीलच असं नाही. बारीकसारीक नियम पाठ होतील तेव्हा होतील. नवख्याने आधी ही गोष्ट मनात पक्की करावी: चूक पकडायची शेवटची स्वस्त जागा म्हणजे तुमचं टेबल.

एक खुलासा सुरुवातीलाच. या लेखात दूषितता म्हणजे किरणोत्सार नव्हे. असे भाग बनवणाऱ्या बहुतेक कारखान्यांत किरणोत्सारी पदार्थ नसतातच. इथे दूषितता म्हणजे भागावर किंवा भागात राहून गेलेलं, ड्रॉइंगमध्ये नसलेलं काहीही: धूळ, तेल, घाम, लोखंडाचे कण, चिप, तार, टेपचा तुकडा, सुटलेला नट.

पायरी 1: नेमकं काय टाळायचंय ते समजून घ्या

एवढ्याशा घाणीने काय होतं, हा प्रश्न प्रत्येक नवख्याच्या मनात येतो, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर चार भागांत देता येईल.

पहिला भाग क्लोराइडचा. 304 आणि 316 या जातीचं स्टेनलेस स्टील गंजत नाही अशी आपली समजूत असते. पण त्यात ताण असेल, तापमान चढं असेल आणि पृष्ठभागावर क्लोराइड असेल, तर त्याला बारीक, फांद्या फुटल्यासारख्या भेगा पडतात. वेल्डिंगनंतर ताण धातूत राहतोच. तापमान अणुकेंद्रात मिळतं. उरतं ते क्लोराइड, आणि ते कारखान्यातून जातं: घामाने ओल्या हाताचा ठसा, नळाचं साधं पाणी, पीव्हीसी टेप, साध्या मार्करची शाई, क्लोरिन असलेलं कटिंग ऑइल. भेग बाहेरून दिसायला लागते तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो.

दुसरा भाग परक्या धातूंचा. कार्बन स्टीलचे कण स्टेनलेसवर रुतले की तिथे गंज धरतो आणि स्टेनलेसचा संरक्षक थर त्या ठिकाणी मोडतो. जस्त, शिसं, तांबं हे स्टीलपेक्षा कमी तापमानाला वितळणारे धातू आणखी वाईट. गॅल्व्हनाइज्ड तारेने स्टेनलेस पाइप बांधला आणि जवळच वेल्डिंग केलं, तर वितळलेलं जस्त धातूच्या कणसीमांमध्ये, म्हणजे धातूच्या सूक्ष्म कणांमधल्या सांध्यांत, शिरून तडे पाडतं. पितळी हातोडीचा पुसटसा ओरखडाही वेल्डच्या जागी नको असतो, तो याच कारणाने. निकेलच्या मिश्रधातूंना गरम असताना गंधक सोसत नाही, म्हणून तिथे तेलाचा डागसुद्धा नको.

तिसरा भाग सुट्या वस्तूंचा, आणि याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात लेक ईरीच्या काठी एन्रिको फर्मी-1 ही सोडियमने थंड होणारी अणुभट्टी होती. 5 ऑक्टोबर 1966 रोजी तिच्या गाभ्याखाली बसवलेल्या झिर्कोनियमच्या पत्र्याचा एक तुकडा सुटला आणि प्रवाहाबरोबर जाऊन इंधनाच्या तळाशी अडकला. थंड करणारं सोडियम तिथपर्यंत पोचेना, आणि दोन इंधन असेंब्ली अंशतः वितळल्या. भट्टी पुन्हा सुरू व्हायला 1970 उजाडलं. तो पत्रा कारखान्यात विसरलेली वस्तू नव्हता, मुद्दाम बसवलेला भाग होता. पण प्रवाहाला याचा फरक कळत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या भट्ट्यांत तर वायर ब्रशची एक तार किंवा लेथची एक कुरळी चिप पुरते. ती इंधनाच्या नळ्यांना धरणाऱ्या जाळीत अडकते, प्रवाहात थरथरत राहते आणि नळीची पातळ भिंत घासून तिला भोक पाडते. इंधनगळतीच्या ओळखीच्या कारणांत हे एक प्रमुख कारण आहे.

चौथा भाग डोळ्यांना मुळीच न दिसणारा: कोबाल्ट. पोलादात कोबाल्टचा अल्प अंश असतो. त्यातला कोबाल्ट-59 न्यूट्रॉन गिळून कोबाल्ट-60 बनतो. त्याचा अर्धायुकाल 5.27 वर्षं आणि गॅमा किरण जबर. भागांची झीज होऊन निघालेले कण गाभ्यातून फिरून पाइपांच्या आतल्या बाजूला बसतात, आणि पुढे तिथे देखभालीला जाणाऱ्या माणसांना तो किरणोत्सार झेलावा लागतो. म्हणून खरेदीच्या तपशिलात कोबाल्टची मर्यादा लिहिलेली असते. चुकीचा पोलादी तुकडा वापरला गेला तर तो ताकदीच्या चाचणीत झोकात पास होईल आणि तरी चूकच ठरेल.

इंधनाच्या नळ्या बनवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आणखी. झिर्कोनियमच्या वेल्डमध्ये हवेतला नायट्रोजन शिरला की त्याची गंजरोधकता घटते, म्हणून ते वेल्डिंग निष्क्रिय वायूत करतात. आणि पेलेट, म्हणजे नळीत भरायच्या इंधनाच्या गोळ्या, ओलसर राहिले तर त्या ओलाव्यातला हायड्रोजन नळीच्या भिंतीत आतून शिरून तिला ठिसूळ करतो. पेलेट वाळवून भरण्याबद्दल एवढा कटाक्ष असतो तो यासाठी.

पायरी 2: हत्याराआधी कागद

काम सुरू करण्यापूर्वी ड्रॉइंग आणि कार्यपद्धतीचा रिव्हिजन नंबर चालू रिव्हिजनच्या यादीशी ताडून पाहा. भिंतीवर चिकटवलेली, खिशात घडी घातलेली, मागच्या ऑर्डरमधून उरलेली प्रत वापरू नका, ती कितीही स्वच्छ आणि वाचनीय असली तरी. जुन्या रिव्हिजनवर केलेलं उत्तम काम पूर्ण वाया जातं.

कार्यपद्धती समोर उघडी ठेवा आणि प्रत्येक पायरी झाली की तिथेच खूण करा. सगळं काम उरकून शिफ्टच्या शेवटी एकदम खुणा करायची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती लागू देऊ नका. मध्येच कोणी हाक मारली, फोन आला, क्रेनसाठी बाजूला व्हावं लागलं, तर परतल्यावर आपण कुठे होतो हे फक्त ती खूण सांगते. स्मरणशक्तीला विचाराल तर ती कालच्या तशाच दुसऱ्या जोडाचं चित्र दाखवेल आणि तुम्हाला ते आजचंच वाटेल. बोल्ट घट्ट करताना एक सुटतो तो बहुतेक असाच.

पायरी जशी लिहिली आहे तशी करता येत नसेल तर काय? उदाहरणार्थ, लिहिलेला टॉर्क पाना त्या जागेत बसतच नाही. तिथे डोकं लढवून मार्ग काढणारा माणूस इतर कारखान्यांत कौतुकाला पात्र ठरतो. इथे थांबायचं, सुपरवायझरला सांगायचं आणि कार्यपद्धती अधिकृतपणे बदलून मिळेपर्यंत वाट पाहायची. तुमची युक्ती बरोबर असेलही. मग ती कागदात येऊ द्या, म्हणजे पुढच्या माणसालाही मिळेल.

काम सुरू होण्यापूर्वी पाच-दहा मिनिटांची बैठक होते. तिथे गप्प बसून मान हलवू नका. आज सगळ्यात महागात पडेल अशी चूक कोणती, ती कुठल्या पायरीला होऊ शकते आणि ती होतेय हे आपल्याला कशावरून कळेल, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरं मिळाली नाहीत तर काम सुरू करायची वेळ आलेली नाही.

पायरी 3: मालाची ओळख पुसू देऊ नका

दोन स्टेनलेस सळ्या शेजारी ठेवल्या तर कोणती कुठल्या जातीची हे डोळ्यांनी सांगता येत नाही. ते सांगतो हीट नंबर, म्हणजे तो धातू ज्या वितळणीतून निघाला तिचा क्रमांक. तो मालावर आणि प्रमाणपत्रावर सारखाच हवा. अंक अंकाशी जुळवा, नुसते शेवटचे दोन पाहून पुढे जाऊ नका.

इथला सगळ्यात मोठा धोका कापण्याच्या वेळी असतो. प्लेट कापली, क्रमांक एका तुकड्यावर राहिला आणि दुसरा तुकडा अनाथ झाला. म्हणून नियम असा की क्रमांक आधी उरणाऱ्या भागावर उतरवायचा, तपासणाऱ्याला दाखवायचा, मग करवत चालवायची. ज्या तुकड्याची ओळख गेली तो कितीही चांगला असला तरी त्याला लाल टॅग लावून कुलपात ठेवतात. वेल्डिंगच्या रॉडचंही तेच. दोन जातींच्या उरलेल्या रॉड एका डब्यात टाकणं हा वरकरणी नीटनेटकेपणा आहे, पण उद्या त्यातली कोणती कुठे लागली हे कोणालाच सांगता येणार नाही.

प्रमाणपत्रावर खाडाखोड, वेगळ्या अक्षरजुळणीत टाकलेला आकडा, एकाच खोक्यातल्या बोल्टांच्या डोक्यांवर वेगवेगळ्या खुणा, असं काही दिसलं तर ते लगेच गुणवत्ता विभागाला दाखवा. बनावट माल या उद्योगातही शिरतो, आणि तो बऱ्याचदा स्टोअरमधल्या किंवा मशीनवरच्या एखाद्या चौकस माणसालाच आधी खटकतो.

पायरी 4: स्वच्छ विभागात शिरताना

दारापाशी खिसे रिकामे करा. पेन, नाणी, चाव्या, मोबाइल, अंगठी, घड्याळ बाहेर. वरचा खिसा असलेला शर्ट घालून कोणी उघड्या पात्रावर वाकलं की पेन आत जातं, हे इतक्या ठिकाणी घडलेलं आहे की अनेक कारखाने बिनखिशाचे कपडेच देतात. चष्म्याला दोरी, ओळखपत्र कपड्यांच्या आत, हत्याराला लेस आणि लेसचं दुसरं टोक मनगटाला किंवा मचाणाला.

आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद करा: हत्यार, पुसायचं कापड, टेपचं रीळ, टॉर्च आणि तिचे सेलसुद्धा. बाहेर येताना तीच यादी जुळली पाहिजे. जुळली नाही तर झाकण बसत नाही, हा नियम कोणाच्याही घाईसाठी वाकत नाही. ड्रिल किंवा टॅप आत मोडला तर सगळे तुकडे टेबलावर जोडून पूर्ण आकार तयार होतो का ते पाहतात. एक कोपरा कमी भरला तरी शोध चालू ठेवायचा. आत नेण्याआधी हत्याराची अवस्था पाहून ठेवली नसेल, तर तो कोपरा आज उडाला की महिन्यापूर्वी, हे ठरवता येत नाही. म्हणून हत्यार आत नेताना पाहा आणि बाहेर आणतानाही पाहा.

पारदर्शक प्लॅस्टिक आत नेऊ नका. पात्राच्या तळाशी किंवा पाण्यात पडलेला त्याचा तुकडा दिसत नाही. आवरणं, पिशव्या, टोप्या ठळक रंगाच्या वापरतात त्या यासाठीच.

चिप आणि धूळ काढायला कॉम्प्रेस्ड हवा मारू नका. हवेने कचरा जात नाही, तो फक्त खाचांत आणि शेजारच्या भागावर सरकतो, वर हवेतलं तेल भागावर बसतं ते वेगळंच. व्हॅक्यूम वापरा, मग न सुटणाऱ्या धाग्यांचं पांढरं कापड. पांढरं अशासाठी, की त्यावर उतरलेला डाग दिसतो.

स्वच्छता किती हवी हे तुमच्या मनावर नसतं. एएसएमई या अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या एनक्यूए-1 या गुणवत्तेच्या मानकात स्वच्छतेचे ए ते डी असे चार वर्ग आहेत, आणि कुठल्या भागाला कुठला वर्ग लागू हे ड्रॉइंग किंवा कार्यपद्धती सांगते. तुमच्या भागाचा वर्ग माहीत नसेल तर विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका.

पायरी 5: स्टेनलेस आणि कार्बन स्टील यांची ताटातूट

शक्य असेल तिथे दोन्हींच्या कामाच्या जागा भिंतीने वेगळ्या असाव्यात. कार्बन स्टीलवर ग्राइंडर चालला की ठिणग्या आणि धूळ बऱ्याच अंतरावर जातात आणि स्टेनलेसवर बसतात. पडदा लावून भागत नाही.

ब्रश स्टेनलेसच्या तारांचा हवा, आणि तो एकदाही कार्बन स्टीलवर फिरलेला नसावा. एकदा फिरला की तो कायमचा तिकडचा. ग्राइंडिंगच्या चाकावर लोह, गंधक आणि क्लोरिन नसल्याचा शिक्का पाहा. रंगाने खूण केलेले वेगळे डबे ठेवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आहे, असं माझं ठाम मत आहे. नवा माणूस, रात्रपाळीचा माणूस, उसना आलेला कंत्राटी माणूस, सगळ्यांना रंग कळतो.

विसरलं जातं ते हाताळणीचं सामान. फोर्कलिफ्टचे दाते, क्रेनच्या साखळ्या, रॅकचे आडवे पाय, व्हाइसचे जबडे हे सगळे कार्बन स्टीलचे असतात. त्यांच्यावर प्लॅस्टिक, लाकूड किंवा स्टेनलेसचं अस्तर हवं, आणि उचलायला कापडी पट्टे. बुटाच्या तळव्याला रुतलेली चिपही त्यातच मोडते. प्लेटवर चालायची वेळ आलीच तर बुटांवर आवरण घाला.

लोहकण राहिलेत का हे पाहायच्या पद्धती आहेत. पृष्ठभाग पाण्याने ओला करून वाळू द्यायचा आणि गंजाचे ठिपके येतात का पाहायचं, ही साधी. फेरॉक्सिल चाचणी जास्त संवेदनशील: पोटॅशियम फेरिसायनाइडचं द्रावण लावलं की मोकळं लोह असेल तिथे काही सेकंदांत निळा डाग उठतो. ती कार्यपद्धतीत लिहिली असेल तरच करा आणि नंतर द्रावण पूर्ण धुऊन काढा, नाहीतर तपासणीच नवी घाण ठरेल. तेलकटपणासाठी पाण्याची फिल्म पाहतात. स्वच्छ पृष्ठभागावर पाणी सलग पसरतं, तेल असेल तिथे फिल्म फाटून थेंब होतात.

पायरी 6: पृष्ठभागाला जे लागतं ते सगळं

मार्कर, टेप, पेनेट्रंट (भेगा शोधायला लावतात ते रंगीत द्रव), कटिंग ऑइल, तापमान दाखवणारे खडू, हातमोजे, सॉल्व्हंट. यातली प्रत्येक गोष्ट मंजूर यादीतली हवी, आणि बऱ्याचदा मंजुरी बॅचनुसार असते, कारण हॅलोजन (क्लोरिन, फ्लोरिनसारखी मूलद्रव्यं) आणि गंधकाचं प्रमाण बॅचगणिक बदलतं. एकाच कंपनीचा, तसाच दिसणारा मार्कर स्टेशनरीच्या कपाटातून आणला तर तो मंजूर ठरत नाही. क्लोरिन असलेले सॉल्व्हंट स्टेनलेसवर नकोत, सहसा ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. शेवटचं धुणं खनिजमुक्त पाण्याने. झिर्कोनियम हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात धुतलं असेल, तर फ्लोराइड राहू नये म्हणून लगेच आणि भरपूर पाण्याने धुवावं लागतं. भाग आम्लातून काढून चहाला जाणं तिथे चालत नाही.

पायरी 7: उघडी तोंडं

नळीचं, नोझलचं, व्हॉल्व्हचं तोंड तुम्ही काम करत नसाल त्या प्रत्येक क्षणी बंद हवं, अगदी दोन मिनिटांसाठी बाजूला गेलात तरी. टोपी बाहेरून बसणारी घ्या. आत ढकलायची बुचं आतच राहतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला कळतही नाही. चिंध्या कोंबून तोंड बंद करणं तर मुळीच नको.

पाइप कापताना चिप बाहेर पडतील अशी मांडणी करा आणि कापाच्या खालच्या बाजूला नोंदवलेला अडसर ठेवा. वेल्डिंगच्या वेळी आत आर्गॉन भरण्यासाठी जे बांध घालतात, ते पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचे असले तरी त्यांची संख्या आणि जागा लिहून ठेवा. पुढे विरघळून जाईल या भरवशावर नोंद टाळू नका. कागद विरघळतो, त्याला लावलेली टेप विरघळेलच असं नाही.

झाकण बसवण्याआधीची आतली पाहणी घाईत उरकायची गोष्ट नाही. उजेड तिरपा टाका, समोरून टाकलेल्या झगझगीत प्रकाशात बारीक चिप दिसत नाही. कोपरे, खाचा आणि नोझलच्या आतला खालचा भाग आरशाने किंवा बोरस्कोपने (अरुंद जागेत घालून आतलं पाहायच्या नळीने) पाहा. पाहणी झाली की त्याच बैठकीत झाकण लावा. पाहणी सकाळी आणि झाकण दुपारी असं झालं तर सकाळच्या पाहणीला अर्थ उरत नाही, ती पुन्हा करायची.

पायरी 8: आपण कधी चुकतो

डेन्मार्कचे संशोधक येन्स रासमुसेन यांनी माणसाच्या कामाचे तीन स्तर मांडले: सवयीने होणारं, नियमाने होणारं आणि विचार करून होणारं. या मांडणीचा कारखान्यात थेट उपयोग होतो, कारण तिन्हींत चुका वेगळ्या प्रकारे होतात. जुना कारागीर सवयीने काम करतो, तो चुकतो ते लक्ष विचलित झाल्यावर. नवखा चुकतो ते अपुऱ्या माहितीवर अंदाज बांधल्यामुळे. म्हणून जुन्याला मदत होते खुणांची आणि अडथळ्यांची, आणि नवख्याला मदत होते विचारण्याची. तुम्ही नवखे आहात. गृहीत धरतोय असं वाटलं की विचारा, दिवसातून कितीही वेळा.

काही वेळा स्वभावतःच धोक्याच्या असतात: शिफ्टचा शेवटचा अर्धा तास, सुट्टीनंतरचा पहिला दिवस, डिस्पॅचची तारीख डोक्यावर असताना, एकाच वेळी दोन सारखे भाग टेबलावर असताना, पहिल्यांदाच करायचं काम आणि शंभराव्यांदा करायचं काम. यातलं काही लागू होत असेल तर ते मोठ्याने बोलून दाखवा. बोललं की शेजारचाही सावध होतो.

महत्त्वाच्या पायरीआधी एक छोटी कवायत करा. थांबा. ज्याला हात लावणार त्या भागाचा क्रमांक बोटाने दाखवून वाचा. काय करणार आणि काय होणं अपेक्षित आहे ते मनात म्हणा. मग करा. आणि अपेक्षेप्रमाणे झालं का ते पाहा. याला काही सेकंद लागतात. ओशाळवाणं वाटेल, पण करा.

तोंडी सूचना तीन टप्प्यांत पक्की होते: एकाने सांगायचं, दुसऱ्याने ते उलट म्हणून दाखवायचं, पहिल्याने बरोबर म्हणायचं. आकडे सुटे सुटे बोला. ग्राइंडरच्या आवाजात एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच ऐकू येतात, पाच-नऊ आणि सहा-नऊ येत नाहीत.

शिफ्ट बदलताना काम भागापाशी उभं राहून हाती द्या, ऑफिसात किंवा फोनवर नको. कोणती पायरी पूर्ण, कोणती अर्धी, कुठे शंका आहे. अर्ध्या झालेल्या पायरीचा उल्लेख आवर्जून करा, घोटाळे तिथेच होतात.

पायरी 9: दुसरा डोळा

अमेरिकेच्या अणुनियमांत 1970 पासून गुणवत्तेचे 18 निकष आहेत, ते जगभर आधाराला घेतले जातात. त्यातल्या तपासणीच्या निकषात एक अट आहे: ज्याने काम केलं त्याने तपासणी करायची नाही. यात अविश्वास नाही. आपण काय केलं हे माहीत असलेला डोळा तेच पाहतो.

म्हणून तुम्ही तपासायला बोलावणार असाल तर आपलं मत सांगू नका. ‘बघ, मी केलंय, बरोबरच आहे’ एवढ्या वाक्याने त्याची तपासणी निम्मी संपते. आणि तुम्हाला तपासायला बोलावलं तर माप स्वतः घ्या, दुसऱ्याने लिहिलेला आकडा पाहून मान डोलवू नका. दोघे तपासतात म्हणून दोघेही सैल पडतात, हा दुहेरी तपासणीचा जुना रोग आहे.

होल्ड पॉइंट आणि विटनेस पॉइंट यांतला फरक पाठ करा. होल्ड पॉइंटला सही मिळाल्याशिवाय काम पुढे जात नाही, कोणीही सांगितलं तरी. विटनेस पॉइंटला आधी कळवायचं असतं. ठरल्या वेळी कोणी आलं नाही तर नियमानुसार पुढे जाता येतं, पण कळवल्याची नोंद हवी.

पायरी 10: काही चुकलं तर

आत काही पडलं, चुकीचं बटण दाबलं गेलं, माप हुकलं. पहिली प्रतिक्रिया असते पटकन काढून टाकू, पटकन घासून टाकू. हात मागे घ्या. आत पडलेली वस्तू घाईने काढताना ती बऱ्याचदा आणखी खोल जाते. हुकलेलं माप घासून लपवताना भिंत पातळ होते. काम थांबवा, जागा आहे तशी ठेवा, सुपरवायझरला बोलवा.

पुढे विसंगती अहवाल, म्हणजे एनसीआर, निघतो. भागाला टॅग लागतो आणि तो वेगळा ठेवला जातो. त्यावर चार निर्णय होऊ शकतात: आहे तसा वापरणं, पुन्हा काम करून मूळ ड्रॉइंगप्रमाणे आणणं, मूळ ड्रॉइंगप्रमाणे नसला तरी वापरण्याजोगा दुरुस्त करणं, किंवा भंगारात काढणं. कोणता निर्णय हे डिझाइनचा अधिकार असलेले ठरवतात. तुम्हीही नाही आणि तुमचा सुपरवायझरही नाही.

सुपरवायझर म्हणून हे वाचणाऱ्यांनाही सांगतो. नवखा मुलगा किंवा मुलगी घाबरत येऊन ‘साहेब, आत नट पडला’ असं सांगते, तेव्हा तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य सगळा हॉल ऐकत असतो. ते ‘बरं झालं सांगितलंस’ असं असेल तर पुढचा नटही कळेल. थोडक्यात हुकलेल्या चुकाही याच मार्गाने वर येतात, आणि त्या कळल्या तरच खरी चूक होण्याआधी वाट बंद करता येते.

पायरी 11: सही

सही म्हणजे हे मी केलं किंवा हे मी पाहिलं, अमुक दिवशी, अमुक वेळी. न पाहिलेल्या गोष्टीवर, मागच्या तारखेने, दुसऱ्याच्या वतीने सही नको. चूक लिहिली तर एक रेघ मारा, खालचं वाचता येईल असं ठेवा, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर या कागदांजवळ नसावं.

2016 मध्ये फ्रान्समधल्या क्रूसो फोर्ज या कारखान्याच्या जुन्या उत्पादन फायलींमध्ये अनियमितता आढळल्याचं जाहीर झालं. त्या वर्षी जुलैत तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने फेसेनहाइम-2 अणुभट्टीच्या एका स्टीम जनरेटरचं प्रमाणपत्र स्थगित केलं, आणि ती भट्टी 2018 पर्यंत बंद राहिली. हजारो फायली एकेक पान करून तपासाव्या लागल्या. भाग कसा बनला हे फक्त कागद सांगतो, आणि त्याच्यावरचा विश्वास उडाला की चांगला भागही सिद्ध करता येत नाही.

पायरी 12: पॅकिंग

भाग तयार झाला, तपासणी झाली, आणि सगळ्यांचं लक्ष उडालं. नेमक्या याच वेळी खूप मेहनतीने सांभाळलेली स्वच्छता जाते. भाग पूर्ण कोरडा असल्याची खात्री करा, विशेषतः खोलगट जागा आणि आंधळी, म्हणजे आरपार नसलेली, भोकं. टोप्या मोजून बसवा आणि संख्या यादीत लिहा. नायट्रोजन भरून पाठवायचं असेल तर दाब मोजून नोंदवा आणि बाहेरून गुदमरण्याच्या धोक्याची सूचना लावा, कारण तिकडे उघडणाऱ्याला आत हवा नाही हे माहीत नसतं. बाहेरचं लाकडी खोकं मिठाच्या हवेतून जाणार असेल तर आतलं आवरण सीलबंद हवं.

ओलावा शोषायला सिलिका जेलच्या पिशव्या आत ठेवत असाल तर त्याही परक्या वस्तूच आहेत. त्या बांधून ठेवा, मोजा, आणि बाहेरच्या बाजूला न पुसणारा टॅग लावा: आत किती पिशव्या, कुठल्या नोझलमध्ये, काढल्यावर कोणी सही करायची. तोच आकडा पाठवणीच्या कागदांत लिहा आणि दोन्ही जुळतात हे दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.